युंगेलाच्या धुक्यातली काळी चोच

युंगेलाला हमिंगबर्ड नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण परत आल्यापासून मेलबर्नकडच्या वेरिबीतल्या मैत्रिणी फोनवर हेच विचारतात, "काय गं, हमिंगबर्ड दिसला का?" हमिंगबर्ड फक्त अमेरिकेकडे असतात. आपल्याकडे फुलांतला मध खायला शिंजीर येतो आणि ऑस्ट्रेलियात हेच काम हनीईटर नावाची मंडळी करतात. त्यांच्या ढीगभर जाती आहेत. त्यातली एक जात क्वीन्सलँडच्या एकाच डोंगररांगेत राहते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. तिथल्या गावाचं नाव आणि पक्ष्याचं नाव एकच, युंगेला. दिसायला साधा, करडा. त्याच्यासारखाच एक चुलतभाऊ आणखी उत्तरेला राहतो, त्यामुळे पूर्वी जाणकारही दोघांना एकच समजत.

हे सगळं मला माझ्या सासऱ्यांनी सांगितलं. त्याआधी मला चिमणी आणि मैना सोडून पक्षी ओळखता येत नव्हते, आणि खरं सांगायचं तर ओळखायचेही नव्हते.

टूवूंबा

सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणतो. कऱ्हाडजवळच्या एका साखर कारखान्यात ते केमिस्ट होते. रविवार आला की दुर्बीण घेऊन कोयनेच्या जंगलात. सासूबाई गेल्यावर ते घरात एकटे पडले, म्हणून २०२०च्या सुरुवातीला आम्ही त्यांना इकडे बोलावून घेतलं. मी तेव्हा नुकतीच क्वीन्सलँडमधल्या टूवूंबाच्या हॉस्पिटलमध्ये एक्स-रे विभागात लागले होते. माझा नवरा नीलेश मेलबर्नजवळ ट्रुगानिनातल्या आमच्या घरी होता, नोकरीचं काम संपवून मागून येणार होता. मार्चमध्ये विमानं थांबली, मग राज्यांच्या सीमा बंद झाल्या. नीलेश तिकडे लॉकडाउनमध्ये अडकला, आप्पा इकडे माझ्याबरोबर अडकले.

सून आणि सासरे, दोघंच एका घरात, तेही कित्येक महिने. भांडण कधी झालं नाही, पण बोलणंही फारसं होत नव्हतं. मी हॉस्पिटलमधून यायचे ती थेट बाथरूममध्ये. जेवणसुद्धा आम्ही वेगवेगळं जेवायचो, कारण आपल्यामुळे त्यांना काही झालं तर नीलेशला काय तोंड दाखवू, ही भीती माझ्या डोक्यातून जात नव्हती. आप्पा मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचे. आवाज ऐकून एकेक नाव सांगायचे. मी "हो का" म्हणायचे.

सप्टेंबरमध्ये ब्रिस्बेनहून भारतात जाणाऱ्या खास विमानात त्यांना जागा मिळाली. बॅग भरताना ते म्हणाले, "वैदेही, एक मागू का? जायच्या आधी युंगेलाला जाऊन यायचं आहे. पुन्हा माझं येणं होईलसं वाटत नाही."

सहा महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी रजा टाकली.

बिलोइला

आमची गाडी ट्रुगानिनात असताना घेतलेली आणि नंबरप्लेट व्हिक्टोरियाची, म्हणजे मेलबर्नच्या राज्याची. बदलायची राहून गेली होती. त्या दिवसांत साथ मेलबर्नमध्ये सगळ्यात जोरात होती, त्यामुळे क्वीन्सलँडमध्ये व्हिक्टोरियाची पाटी म्हणजे कपाळावर रोगाचं नाव लिहून फिरण्यासारखं होतं. टूवूंबात लोक मला ओळखत. बाहेर पडल्यावर मात्र पेट्रोल भरायला थांबलं की शेजारच्या पंपावरचा माणूस आधी पाटीकडे, मग आमच्या तोंडाकडे बघायचा. बिलोइलाच्या मोटेलात मालकानं चावी हातात देण्याआधी लायसन्स मागितलं, टूवूंबाचा पत्ता बोटानं वाचला आणि तरीही सगळ्यात टोकाची खोली दिली. आप्पांना यातलं काही कळलं नाही, असं मला वाटलं. खोलीत शिरल्यावर ते म्हणाले, "आपल्याकडेही मुंबईहून आलेल्यांना गावात घेत नव्हते. माणूस घाबरला की सगळीकडे सारखाच वागतो." मग मी बरोबर घेतलेले धपाटे आणि लसणाची चटणी आम्ही काढली. प्रवासात निदान एकत्र जेवायला काय हरकत आहे, असं मीच ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅकायजवळ गाडी पश्चिमेला वळली आणि आप्पा सीटवर ताठ बसले. काच खाली केली. "मळीचा वास," ते म्हणाले. पायनियर नदीचं खोरं म्हणजे दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, मध्ये एक चिमणीवाला कारखाना आणि रस्ता ओलांडणारी छोटीशी रेल्वे, उसाच्या जाळीदार डब्यांची. कऱ्हाडला हंगाम म्हटलं की टोळ्या, खोपटी, बैल, चुलींचा धूर. इथे एवढ्या मोठ्या फडात एकच यंत्र चालत होतं आणि त्यात एकच माणूस. आप्पांनी मला विचारलं, "तोडायला किती माणसं आहेत?" मी म्हटलं, एक. समोर स्पष्ट दिसत असताना ते का विचारतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

खोरं संपतं तिथे डोंगर भिंतीसारखा उभा राहतो. घाट छोटा, पण इतका चढाचा की पहिल्या गिअरशिवाय गाडी हलेना. वर पोचलो आणि ढगात शिरलो.

युंगेला

आम्ही राहायला घेतलेल्या केबिनची मालकीण शेरिल साठीच्या पुढची, उंच, रबरी बूट घातलेली. गाडीची पाटी बघून ती अंगणातच दहा पावलं लांब थांबली. मी तिथूनच सगळं सांगितलं, हॉस्पिटलचं ओळखपत्रही दाखवलं. ती "नो वरीज" म्हणाली, पण चावी पायरीवर ठेवून मागे सरकली.

संध्याकाळी आम्ही ब्रोकन रिव्हरच्या पुलावर गेलो. तिथे पाण्यात बदकाच्या चोचीचा प्लॅटिपस दिसतो, म्हणून दोनचार माणसं एकमेकांपासून अंतर ठेवून कठड्याला टेकली होती. पाणी हललं, बुडबुडे आले, एक तपकिरी पाठ वर आली आणि गेली. सगळे बोटं दाखवत होते. आप्पा म्हणाले, "हो, हो, दिसला." मी त्यांच्याकडे बघितलं. ते पुलाच्या दुसऱ्याच बाजूला बघत होते.

मी मनात म्हटलं, दमले असतील.

सकाळी आम्ही जंगलात शिरलो. कोयनेसारखंच, पण जास्त काळोखं आणि ओलं. झाडांवर शेवाळ, पायाला जळवा, वर कुठेतरी लहानशी फट आणि तेवढंच आकाश. आप्पांचं चालणं मला खटकत होतं. मुळांवर पाय टाकण्याआधी ते काठीनं चाचपत होते. एका वळणावर यंत्रासारखी टर्रर्र अशी ओरड आली. ते लगेच म्हणाले, "हा नव्हे. हा ल्यूविन, दुसरा हनीईटर. कानामागे पिवळी चंद्रकोर असते. आवाजावर फसत नाही मी." त्यांनी दुर्बीण वर केली. पक्षी माझ्या डोळ्यांसमोर, उजवीकडच्या फांदीवर होता, खरोखरच पिवळी कोर असलेला. त्यांची दुर्बीण डावीकडच्या रिकाम्या झाडावर होती आणि ते चक्र फिरवत राहिले होते.

"आप्पा," मी म्हटलं, "तुम्हाला दिसत नाही ना?"

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. मग सांगितलं ते असं: कऱ्हाडलाच डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता. एप्रिलमध्ये परत जाऊन ऑपरेशन करायचं ठरलं होतं. एप्रिल आला तेव्हा ते इथे अडकले. हळूहळू समोर पडदा जाड होत गेला. संध्याकाळी दिव्यांभोवती रंगीत वर्तुळं दिसायची, कधी डोळा ठणकायचा, मग थांबायचा. मी रोज कोविडच्या भीतीत घरी येते, त्यात आणखी एक काळजी माझ्या डोक्यावर कशाला, म्हणून ते गप्प राहिले.

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. एवढे महिने एका घरात राहून हे मला सांगितलं नाही, आणि मलाही दिसलं नाही, याचा. मी म्हटलं, परत जाऊ या, आत्ताच. ते म्हणाले, "विमान सुटलं की तिकडे ऑपरेशन होईलच. आज इथे आहोत. तुझे डोळे आहेत, माझे कान आहेत. मी विचारीन, तू फक्त सांग. पण एक लक्षात ठेव. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. दिसलं नाही तर दिसलं नाही म्हण."

मग आमचं काम सुरू झालं. ते थांबायचे, मान कलती करायचे, हातानं दिशा दाखवायचे. मी त्या दिशेला दुर्बीण लावायचे. सुरुवातीला मला पानांशिवाय काही दिसेना. हळूहळू जमू लागलं. ते एकामागून एक विचारत: आकार केवढा, शेपूट कशी, फांदीवर बसतो की लटकतो? दुपारपर्यंत तीन वेळा वाटलं की हाच. तिन्ही वेळा कानामागे पिवळी कोर निघाली. तिसऱ्या वेळी त्यांचा चेहरा इतका आशेनं माझ्याकडे वळला होता की क्षणभर वाटलं, हो म्हणून मोकळं व्हावं. त्यांना कुठे कळणार होतं? पण त्यांनी मला जे बजावलं होतं ते आठवलं आणि मी म्हटलं, "पिवळी आहे आप्पा. ल्यूविनच." ते "बरं" म्हणाले आणि पुढे चालू लागले.

जेवणानंतर धुकं उतरलं. आम्ही एका डोंगरधारेवर होतो. तिथे केवड्याच्या जातीची एक वेल झाडावर चढलेली, तिला केशरी-लाल फुलं. आप्पांनी माझा दंड धरला. एक नवा आवाज येत होता, खणखणीत, उड्या मारत गेल्यासारखा. "हा मी कधीच ऐकलेला नाही," ते कुजबुजले. "वेलीवर बघ."

पक्षी होता. धुक्यात सावलीसारखा, फुलात डोकं खुपसलेला. "करडा," मी म्हटलं. "कानाजवळ पिवळं नाही. पांढरट आहे, चकचकीत."

"छाती?"

"रेघोट्या आहेत. फिकट, बारीक."

"आता चोच बघ. मुळाशी, तोंडाजवळ, पिवळी आहे का?"

तेवढ्यात धुक्याचा लोट आला आणि पक्षी उडाला. मी म्हटलं, दिसलं नाही. त्यांनी मान हलवली. उत्तरेकडच्या त्या चुलतभावाच्या चोचीचं मूळ पिवळं असतं. तो इथे असण्याची शक्यता नाही, पण शक्यतेवर नाव ठरवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. "फुलं आहेत तर तो परत येईल. थांबू."

आम्ही थांबलो. जंगलात इतका अंधार झाला की दिवस मावळल्यासारखा वाटू लागला. आप्पा एका ओंडक्यावर बसले, कपाळ हातात धरून. मी विचारलं तर म्हणाले, थोडं डोकं दुखतंय. मी बाटलीतलं पाणी दिलं. त्यांनी नको म्हटलं. त्यांचा हात थंडगार आणि ओला होता. मी म्हटलं आता पुरे, निघू या, आणि तेवढ्यात तो आवाज पुन्हा आला, अगदी डोक्यावर.

या वेळी पक्षी उलटा लटकला होता, चोच माझ्या बाजूला. धुकं थोडं विरळ झालं. मी श्वास धरून बघितलं, पुन्हा बघितलं.

"काळी आहे आप्पा. टोकापासून मुळापर्यंत काळी. पिवळं कुठेच नाही."

"डोळा?"

"निळसर. राखाडी निळा."

"मग तोच," ते म्हणाले. ते उठायला गेले आणि तिथेच गुडघ्यावर बसून त्यांना भडाभडा उलटी झाली.

डोंगराखाली

माझ्या मनात पहिला शब्द आला तो कोविड. त्या वर्षी कुणाला शिंक आली तरी तोच शब्द यायचा. डोकेदुखी, उलटी, अंग गार. मी काय घरी आणलं होतं? मोबाइलला रेंज नव्हती. त्यांना धरून, काही वेळा अक्षरशः ओढून, मी वाटेवरून परत आणलं. ते उजव्या डोळ्यावर तळवा दाबून चालत होते. केबिनच्या पायरीवर बसवून मी तो हात बाजूला केला. डोळा लालबुंद. बुबुळावर वाफ धरल्यासारखं धुरकट. मी मोबाइलचा टॉर्च मारला. डाव्या डोळ्याची बाहुली आकसली, उजव्याची हलली नाही. पापणीवरून हलकेच बोट लावलं तर आत खडा असावा तसं टणक लागलं.

मी डॉक्टर नाही. पण हॉस्पिटलमध्ये इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळतं की असा डोळा उद्यापर्यंत थांबत नाही.

शेरिल आवाजानं बाहेर आली होती. आप्पांच्या शर्टावरची उलटी बघून ती मागे झाली आणि तोंडावर स्कार्फ ओढला. तिनं सरळ विचारलं, त्यांना तो आहे का? मी म्हटलं, मला शंभर टक्के सांगता येणार नाही, पण मला वाटतं हे डोळ्याचं दुखणं आहे आणि मॅकायला लवकर पोचलो नाही तर डोळा जाईल. ती एकदा आमच्या गाडीच्या पाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली की या धुक्यात तू हा घाट उतरलीस तर पहिल्याच वळणावर खाली जाशील. ती घरात गेली. मला वाटलं, दार लावून घेतलं. ती हातात आपल्या ट्रकची किल्ली घेऊन आली.

"माझे मागचे दिवे धरून ये," ती म्हणाली. "मी थांबले की थांब. काही झालं तरी मला ओव्हरटेक करू नकोस."

तो घाट मी आयुष्यात विसरणार नाही. समोर फक्त दोन लाल ठिपके, चालू-बंद होणारे. डावीकडे दरी आहे हे माहीत होतं, दिसत नव्हती. आप्पा शेजारी पिशवीत ओकत होते आणि मध्ये मध्ये माझी माफी मागत होते. ते मला सहन होईना. मी म्हटलं, "आप्पा, बोलू नका. बोलायचंच असेल तर त्या पक्ष्याबद्दल बोला." त्यांनी खरंच सुरुवात केली. शास्त्रज्ञांना तो वेगळा आहे हे कसं उशिरा कळलं, थंडीत तो खाली कसा उतरतो, हे ते दाताआडून एकेक शब्द काढून सांगत राहिले. खाली ऊस लागला तेव्हा धुकं संपलं. शेरिलनं ट्रक कडेला घेतला, हात बाहेर काढून पुढे जा अशी खूण केली. पुढचा रस्ता मी कसा चालवला ते आठवत नाही. मिरानी गावाजवळ रेंज आली आणि मी मॅकायच्या हॉस्पिटलला फोन लावला.

हॉस्पिटलच्या दारातच प्रश्न झाले. ताप? परदेशातून आलात? व्हिक्टोरियाहून? त्या बिचाऱ्या नर्सचं काही चुकलं नाही, मीही रोज हेच विचारत होते. आप्पांना वेगळ्या खोलीत नेलं. मला आत सोडलं नाही. त्यांना इंग्रजी येतं, पण वेदनेत माणूस आपल्या भाषेत कण्हतो, हे मला माहीत होतं. मी पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटला टेकून नीलेशला फोन केला. झालं ते एका दमात सांगितलं. मग त्यानं विचारलं, "मी काय करू, वैदेही?" काही करण्यासारखं नव्हतं. आमच्या दोघांच्या मध्ये दोन बंद सीमा होत्या. मी म्हटलं, फोन ठेवू नकोस. तो ठेवला नाही.

बऱ्याच वेळानं एक तरुण डॉक्टर बाहेर आली. काचबिंदूचा झटका होता. डोळ्यातलं पाणी आत कोंडून दाब वाढला होता. काळोखात तासन्‌तास बाहुली मोठी राहिली की आधीच अरुंद असलेली वाट बंद होऊ शकते, असं तिनं समजावलं. औषधांनी दाब उतरू लागला होता, उद्या लेझरनं बारीक छिद्र पाडायचं. कोविड नव्हता. "उद्यावर ढकललं असतं तर मी तुम्हाला वेगळं सांगितलं असतं," ती म्हणाली. मी फोन कानाला लावला. नीलेशनं सगळं ऐकलं होतं. तो रडत होता.

विमानाची जागा अर्थातच सोडली. डॉक्टरांनी प्रवासाला नाहीच म्हटलं. दोन्ही डोळ्यांना लेझर झाल्यावर काही दिवस आम्ही मॅकायला राहिलो. आप्पा नीलेशशी फोनवर बोलले तेव्हा मी जवळच होते. नीलेशनं विचारलं असावं, एवढं करून पक्षी दिसला का. ते म्हणाले, "मी ऐकला. पाहिला वैदेहीनं. माझ्याऐवजी नाही रे. तिनं स्वतः ओळखला."

आमच्या बॅगा वर केबिनमध्येच राहिल्या होत्या. त्या आणायला निघालो तेव्हा ऊन होतं, घाटाची दरी आता पूर्ण दिसत होती आणि मी ती बघायचं टाळलं. शेरिलनं व्हरांड्यात तीन खुर्च्या लांब लांब मांडून चहा केला होता. आप्पांनी काळा चष्मा लावलेला. मोतीबिंदू तसाच होता, त्याचं ऑपरेशन पुढे टूवूंबाला व्हायचं होतं. त्यांनी तिचे आभार मानले. तिनं विषय बदलला, इकडच्या माणसांना आभार घेता येत नाहीत.

अंगणातल्या बॉटलब्रशवर तोच खणखणीत आवाज आला. शेरिल म्हणाली, लोक कुठून कुठून हा बघायला येतात आणि मी इथे जन्म काढला तरी मला कुठला कुठला ते कळत नाही, सगळे सारखेच करडे. तिनं हे आप्पांना विचारल्यासारखं म्हटलं. आप्पांनी गळ्यातली दुर्बीण काढली आणि माझ्या हातात दिली.

"तू सांग तिला," ते म्हणाले.

मी ती आधी सॅनिटायझरनं पुसली, मग शेरिलला दिली. आधी कानाजवळ बघ, पिवळं आहे का. नाही? मग छातीवरच्या रेघा बघ. आता घाई करू नकोस, तो फुलातून डोकं काढेपर्यंत थांब आणि चोच मुळापर्यंत बघ. शेरिल पुटपुटली, "ब्लॅक. ऑल द वे." मी तिला चुलतभावाच्या पिवळ्या मुळाबद्दल सांगितलं, ल्यूविनच्या टर्ररबद्दल सांगितलं, डोळ्याच्या रंगाबद्दल सांगितलं. आप्पा चहाचा कप मांडीवर धरून, मान जराशी कलती करून ऐकत होते. माझं सांगून संपेपर्यंत त्यांनी मला एकदाही दुरुस्त केलं नाही.